सूर राहिले, हात गेला

१८१९च्या एप्रिलमध्ये असीरगड इंग्रजांच्या हाती गेला. आमच्या लोधीपुऱ्याहून निघून खांडव्याचा रस्ता धरला की वीसेक किलोमीटरवर हा किल्ला लागतो. बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचा दरवाजा आणि असीरगड म्हणजे त्या दरवाजाची किल्ली, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. आदल्या वर्षी, जून १८१८मध्ये, दुसरे बाजीराव याच परिसरात इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले होते. शिंद्यांच्या किल्लेदाराने त्यानंतरही गड सोडला नव्हता. तीनेक आठवड्यांच्या वेढ्यानंतर गडही पडला आणि मराठ्यांशी चाललेलं शेवटचं युद्ध संपलं. या युद्धाच्या काळात गव्हर्नर जनरल होता मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज, जन्माने आयर्लंडचा.

त्याच १८१९ साली हिंदुस्थानातून एक रक्कम आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात पोचली. हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या आयरिश मंडळींनी वर्गणी काढून सुमारे १,२०० पौंड जमवले होते. हेतू एकच: बेलफास्टमध्ये गरीब, अंध मुलांना हार्प शिकवणारी शाळा बंद पडली होती, ती पुन्हा उघडावी. शाळा उघडली आणि पुढे वीस वर्षं, १८३९पर्यंत, चालली. व्हॅलेंटाइन रेनी नावाचा अंधुक नजरेचा वादक तिथे कितीतरी वर्षं शिकवत होता. जुन्या धातूच्या तारांच्या आयरिश हार्पची गुरुशिष्यपरंपरा जी काही थोडी पुढे सरकली, ती या पैशावर. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांचे पगार इथल्या रयतेच्या शेतसाऱ्यातून निघत. म्हणून हा हिशेब मला परका वाटत नाही. आमच्या भागातलं राज्य बुडत असताना आमच्याच देशातल्या पैशाने दूरच्या एका बेटावरचं बुडतं वाद्य वीस वर्षं तगलं.

आयरिश हार्पकडे बऱ्हाणपूरच्या माणसाचं लक्ष आधी जातं ते तारांकडे. हे गाव तारेचं. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए इथून गेला, तेव्हा इथलं सोन्याचांदीच्या तारांनी विणलेलं कापड इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जात असल्याचं त्याने नोंदवलं. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवायचा, ती तापवायची आणि जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढत न्यायची. प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा बारीक. कांब केसाएवढी बारीक झाली तरी वरचा सोन्याचा मुलामा सुटत नाही. ती तार चेपली की बादला होतो, रेशमावर गुंडाळली की कलाबतू. जुना आयरिश हार्पही असाच ओढलेल्या तारांचा होता. मुख्यतः पितळेच्या. अलीकडे काही अभ्यासू वादकांनी जुन्या नोंदींचा मागोवा घेत खर्जाच्या सुरांसाठी चांदीच्या आणि सोन्याच्यासुद्धा तारा लावून पाहिल्या आहेत. जड धातूमुळे आखूड तारेतूनही खोल आवाज निघतो.

आज ‘सेल्टिक हार्प’ म्हणून जे वाद्य दुकानात मिळतं, त्याच्या तारा बहुधा नायलॉनच्या किंवा आतड्याच्या असतात. जुनं वाद्य वेगळं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेला हार्प पंधराव्या शतकाच्या आगेमागे घडवलेला आहे. आयर्लंडच्या नाण्यांवर दिसतो तो हाच. आवाजाची पेटी विलो झाडाच्या अखंड लाकडातून कोरून काढलेली, वर वळणदार मान आणि पुढे बाक दिलेला खांब. वादक तो डाव्या खांद्याला टेकवायचा. वरचे सूर डाव्या हाताने, खर्ज उजव्या हाताने. आजचे वादक नेमकं उलट करतात. बोटांची नखं वाढवून तार छेडायची. धातूची तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते. पुढचा सूर आला तरी मागचा विझलेला नसतो आणि दोन्ही मिळून कालवा होतो. त्यामुळे खरी विद्या छेडण्यापेक्षा थांबवण्यात होती: कोणती तार घुमू द्यायची, कोणती कुठल्या बोटाने नेमक्या क्षणी दाबायची. सतारीवर तरफांचा झंकार ऐकलेल्या माणसाला या नादाची कल्पना येईल. फक्त इथे प्रत्येक तार तरफही आहे आणि बाजाची तारही.

ही विद्या कागदावर नव्हती. गेलिक सरदारांच्या दरबारात कवी, गाणारा आणि हार्पवादक अशी मंडळी पदरी असत. १६०७मध्ये अल्स्टरचे मोठे सरदार देश सोडून गेले, जमिनी इंग्रज आणि स्कॉटिश वसाहतवाल्यांकडे गेल्या आणि दरबार संपले. वादक रस्त्यावर आला. त्यानंतरची दीडदोनशे वर्षं हार्पवादक म्हणजे घोड्यावरून, सोबतीला एक वाटाड्या घेऊन, या वाड्यावरून त्या वाड्यावर जाणारा माणूस. त्यांतले पुष्कळ अंध. देवीच्या रोगाने डोळे गेलेल्या मुलाला शेती जमत नसे, म्हणून घरचे त्याला हार्पकडे लावत. टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्यांतला सर्वांत गाजलेला. अठराव्या वर्षी देवी आल्या, दृष्टी गेली. वडील ज्यांच्याकडे कामाला होते त्या मॅकडर्मट रो कुटुंबातल्या बाईंनी त्याला तीन वर्षं हार्प शिकायला घातलं, मग घोडा, वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. पुढे जवळपास पन्नास वर्षं तो हिंडत राहिला. ज्या घरी उतरायचा त्या घरच्या धन्याच्या किंवा लेकीच्या नावाने नवी चाल बांधायचा. अशा दोनशेंहून अधिक चाली आज त्याच्या नावावर आहेत. शेवटचं दुखणं आलं तेव्हा तो त्याच बाईंच्या घरी परतला आणि तिथेच वारला.

कॅरोलनच्या या चालींची एक गोष्ट मला फार छळते. उरली आहे ती फक्त चाल, एकेरी सुरावट. तो खर्जात काय वाजवत होता, कुठली तार दाबत होता, हे कुणीच लिहून ठेवलं नाही. जे शेकडो वादक आज या चाली वाजवतात, ते सगळे डाव्या-उजव्या हाताची आपापली जोडणी करून वाजवतात.

हे टाळता आलं असतं, आणि तशी एक संधी आलीही होती. जुलै १७९२. बेलफास्टमध्ये डॉक्टर जेम्स मॅकडॉनल आणि त्यांच्या मित्रांनी देशभरच्या हार्पवादकांना बोलावणं धाडलं. जुनी विद्या संपत आली आहे, जे उरलेत त्यांना एकत्र आणावं, बक्षिसं द्यावीत आणि त्यांचं संगीत उतरवून घ्यावं. दहा आयरिश वादक आले, शिवाय एक वेल्सचा. बाई एकच, रोझ मूनी, तीही अंध. सर्वांत लहान पंधरा वर्षांचा मुलगा, सर्वांत थोरला नव्वदी कधीच ओलांडलेला डेनिस हेम्सन. पहिलं दहा गिनींचं बक्षीस चार्ल्स फॅनिंगला मिळालं. लोकांच्या आवडीची चाल त्याने नव्या ढंगाच्या सजावटीने वाजवली होती. आर्थर ओ’नीलला आठ गिनी. एका तरुण ऑर्गनवादकाला सुरावटी उतरवून घेण्यासाठी नेमलं होतं. एडवर्ड बंटिंग, वय एकोणीस.

बंटिंगला सर्वांत जास्त ओढ वाटली ती पहिल्या दोन बक्षिसांत नसलेल्या हेम्सनची. तिसऱ्या वर्षी देवीने आंधळा झालेला हा म्हातारा बाराव्या वर्षी ब्रिजेट ओ’केहन नावाच्या बाईंकडे हार्प शिकला होता. सगळ्या वादकांत लांब, वाकडी नखं राखून वाजवणारा तो एकटा उरला होता. बाकीचे बोटांच्या पेरांनी वाजवू लागले होते. कॅरोलनची रचना त्याला फारशी रुचत नसे, कारण त्याच्या हिशेबी ती फार नवी होती! कॅरोलन वारून तेव्हा चोपन्न वर्षं झाली होती. सर्वांत जुन्या चाली वाजवायला हेम्सन राजी होत नसे, फार आग्रह करावा लागे. पुढे बंटिंग त्याच्या गावी जाऊन त्याला पुन्हा ऐकून आला. १८०७मध्ये हेम्सन वारला तेव्हा त्याचं वय एकशे बारा सांगितलं जाई. त्याचा १७०२चा हार्प आजही डब्लिनमध्ये जपून ठेवला आहे.

बंटिंगने जन्मभर हे काम केलं. १७९६, १८०९ आणि १८४० असे तीन संग्रह छापले. त्याच्याविना कॅरोलनच्या आणि त्याच्याही आधीच्या कितीतरी चाली नष्ट झाल्या असत्या. आणि तरीही मला वाटतं की सर्वांत मोठं नुकसानही त्याच्याच हातून झालं. त्याने छापलं ते पियानोसाठी. त्या काळी पुस्तकं विकत घेणाऱ्या घरांत पियानो होते, हार्प नव्हते. पेरांनी, नखांनी, दाबलेल्या आणि मोकळ्या सोडलेल्या तारांनी घडलेलं संगीत त्याने पियानोच्या साच्यात बसवलं, पाश्चात्त्य वळणाचे स्वरसमूह खाली घातले आणि हे जसंच्या तसं आहे असं सांगितलं. हेम्सन समोर बसलेला होता. त्याची बोटं दिसत होती. कुठली तार कुठल्या बोटाने विझवली, एवढं एका वहीत लिहिलं असतं तर आज चित्र वेगळं असतं. बोटांच्या काही हालचालींची नावं आणि वर्णनं बंटिंगने अखेर १८४०च्या पुस्तकात दिली, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनी. तोवर शिकवणारं आणि शिकणारं जवळपास कुणी राहिलं नव्हतं.

बंटिंगच्या या कामाशी असीरगडाचा आणखी एक धागा आहे. बेलफास्टच्या ज्या वाचनालयाने त्याला पाठबळ दिलं, तिथला ग्रंथपाल थॉमस रसेल. तरुणपणी तो इंग्रजी फौजेतून हिंदुस्थानात लढून गेलेला, पुढे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी उठलेला. बंटिंगसाठी खेड्यापाड्यांतून गाण्यांचे आयरिश शब्द गोळा करणारा पॅट्रिक लिंच याच रसेलला आयरिश भाषा शिकवत असे. बंडाच्या खटल्यात लिंचवर दबाव आणून त्याच्याकडून रसेलविरुद्ध साक्ष घेतली गेली. २१ ऑक्टोबर १८०३ला रसेलला फाशी दिलं. त्याच दिवशी इकडे कर्नल स्टीव्हन्सनने असीरगड पहिल्यांदा घेतला. बऱ्हाणपूर काही दिवस आधीच पडलं होतं. स्टीव्हन्सनचा वरिष्ठ, असईची लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली, हाही आयर्लंडचाच. त्याचे वडील ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक होते. गाण्याच्या घरातला मुलगा आमच्या मुलखात तोफा घेऊन आला. लिंचने जमवलेले शब्द बंटिंगच्या पुस्तकांत छापले गेलेच नाहीत. चाली छापल्या, गाणी वहीत राहिली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. डब्लिनच्या जॉन ईगनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आतड्याच्या तारांचा, हलका, बैठकीच्या खोलीत शोभणारा नवा हार्प बनवला. आजच्या सेल्टिक हार्पचा पूर्वज तो. धातूच्या तारा गेल्या, नखं गेली, हार्प दुसऱ्या खांद्यावर गेला. विसाव्या शतकात मठांच्या शाळांतून मुली गाण्याच्या साथीला हा हार्प वाजवत. देशाच्या चिन्हावर हार्प होता, पण गावच्या मैफलीत, जिथे फिडल, बासरी आणि पाईप जमत, तिथे त्याला जागा नव्हती.

ती जागा १९७०च्या दशकात मिळाली, आणि ती मिळवणारी प्रमुख वादक कॉर्क परगण्यातली मॉइरा नी खाहसाइग. आयरिश नाचाचं संगीत वेगवान असतं. जिगच्या सहा मात्रा आपल्या दादऱ्याच्या कानाने मोजता येतात, स्लिप जिग नवाचा, रील चाराचा. फिडलवाला एका सुराभोवती झटक्यात चार-पाच सूर फिरवतो; बोट उचललं, ठेवलं, की झालं. हार्पवर तसं करायला प्रत्येक सुराची वेगळी तार, आणि एकच तार लगेच पुन्हा छेडली तर ती खरखरते. तिने बोटांचा क्रम बदलून यावर वाट काढली, एकाच सुरावर लागोपाठ वेगवेगळी बोटं आणली आणि हार्पला नाचाची बोली शिकवली. १९८५ साली तिची ‘द न्यू स्ट्रंग हार्प’ ही ध्वनिमुद्रिका आली. आज आयर्लंडमधली शेकडो मुलं याच वाटेने हार्प शिकतात. या वाद्यावर सूर कोमल-तीव्र करायला प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटी कळ असते. ती उचलली की सूर अर्ध्या स्वराने चढतो. मींड नाही, आंदोलन नाही. आपल्या कानाला हे सुरुवातीला उणं वाटतं. पण तालाच्या आत सूर किती नेमका उमटवता येतो, याची जी बारकाई या संगीतात आहे ती ऐकायला आपला कान तयार करावा लागतो, आणि तो तयार होतो.

जुन्या तारांच्या वाद्याकडेही काहीजण परतले आहेत. किलकेनीत २००३पासून उन्हाळी शाळा भरते. तिथे बंटिंगच्या बेलफास्टमधल्या हस्तलिखित वह्या घेऊन, खोडलेल्या सुरांतून, कडेच्या खुणांतून, हेम्सनची बोटं पुन्हा जोडायचा प्रयत्न चालतो. २०१९मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्याचा हात शोधण्यासाठी एक देश इतके कष्ट घेतो, हे मला अतिशय आदराचं वाटतं.

आपल्याकडची गोष्ट नेमकी उलटी आहे. मळवली स्टेशनवर उतरून भाज्याची लेणी चढून गेलं की एकोणिसाव्या क्रमांकाच्या विहारात, हत्तीवरच्या त्या भव्य आकृतीच्या खालच्या भागात, एका बसलेल्या पुरुषासमोर एक स्त्री नाचते आहे आणि तिच्या साथीला हार्प वाजतो आहे. धनुष्यासारखा वाकलेला दांडा, त्याला ताणलेल्या तारा, मांडीवर धरलेलं वाद्य. दोन हजार वर्षांपूर्वीचा सह्याद्रीतला हार्प. त्याला तेव्हा वीणाच म्हणत. नाट्यशास्त्रातली सात तारांची चित्रा बोटांनी वाजे, नऊ तारांची विपंची कोणाने, म्हणजे नखीने; दोन्ही या जातीच्या होत्या असं अभ्यासक मानतात. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर तो स्वतः असंच वाद्य मांडीवर घेऊन बसला आहे. मग एकाच तारेवर बोट सरकवून गमक आणि मींड काढणारी वाद्यं आली आणि प्रत्येक सुराला वेगळी तार लागणारं हे वाद्य मागे पडलं. ब्रह्मदेशात ते गेलं, तिथे आजही वाजतं. आपल्याकडे दगडात हात कोरलेला आहे, सूर मात्र एकही नाही.

नातं पूर्ण तुटलं असंही नाही. ऐने-अकबरीत ग्वाल्हेरच्या बीर मंडल खानाचं नाव सुरमंडल वाजवणारा म्हणून येतं आणि त्या वाद्याला एकवीस तारा, काही पोलादाच्या, काही पितळेच्या, काही आतड्याच्या, असं वर्णन आहे. किशोरीताई आमोणकर गाताना मांडीवरच्या स्वरमंडलावरून बोट फिरवत आणि सगळा राग एका श्वासात समोर मांडला जाई, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलं आहे. पण स्वरमंडल साथीला असतं, ते स्वतः गात नाही.

स्वतः गाणारा हार्प आमच्याच राज्यात, मध्य प्रदेशात, होता. मंडला जिल्ह्यातल्या परधानांचा बीन-बाजा: पाच तारांचा, धनुष्यासारख्या दांड्याचा, भाज्याच्या वाद्याचा थेट वंशज. अमेरिकन संशोधक रॉडरिक नाइट यांनी १९८५ साली त्याच्यावर लेख लिहिला तोवर भारतात हार्प जिवंत आहे हे संगीताच्या जगाला जवळपास ठाऊकच नव्हतं. परधान हे गोंडांचे गाणारे. विदर्भातल्या यवतमाळ-चंद्रपूरकडे ते मराठीही बोलतात. ठरावीक वर्षांनी ते आपल्या गोंड यजमानाच्या दारी जायचे, त्याच्या कुळाची, राजांची, बडा देवाची गाथा गायचे आणि दान घेऊन पुढच्या दारी जायचे. आयरिश हार्पवादकाची हीच रीत होती, आणि यजमान गरीब झाले तेव्हा दोघांचीही गत तीच झाली.

या परधानांवर पहिलं मोठं पुस्तक एका मराठी माणसाने लिहिलं, आणि मराठीत त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला दुःख आहे. शामराव हिवाळे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात इंग्रज धर्मसेवक व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि १९३२च्या जानेवारीत दोघे मैकल डोंगरातल्या करंजियाला जाऊन राहिले. एल्विन यांच्यासोबत त्यांनी गोंडांची गाणी जमवली. १९४६मध्ये त्यांचा वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचा ग्रंथ आला. त्यात परधान हा नुसता माहिती देणारा माणूस म्हणून येत नाही. त्याचा विनोद, त्याची गरज, यजमानाशी असलेलं त्याचं अवघड नातं, सगळं येतं. बंटिंगला जे दिसलं नाही ते शामरावांना दिसलं होतं: गाणं वाचवायचं तर गाणाऱ्याच्या घराकडे आधी बघावं लागतं.

त्याच भागातल्या पाटणगढचा परधान तरुण जनगढ सिंह श्याम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्याला रंग आणि कागद दिले. परधानांच्या गाथा भिंतीवर, कॅनव्हासवर उतरू लागल्या आणि त्या चित्रांनी जग जिंकलं. आज पाटणगढची घरंच्या घरं चित्रं काढतात. परधानांच्या मुलांना पोट भरायचा मानाचा मार्ग मिळाला, याचा आनंद आहेच. पण चित्राला गिऱ्हाईक मिळालं तसं वाद्याला मिळालं नाही, आणि हात जिथे पैसा मिळतो तिथेच वळतो. बेलफास्टच्या शाळेचंही असंच झालं. हिंदुस्थानातून आलेला निधी आटला आणि शाळा मिटली.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही सरकारांकडे, आणि आदिवासी कलांच्या नावाने चालणाऱ्या सगळ्या अकादम्यांकडे करतो. बीन-बाजा आणि किंगरी हे त्यांचं दुसरं तंतुवाद्य वाजवणाऱ्या परधान वडीलधाऱ्यांना दरमहा मानधन द्या, आणि त्यांच्यापाशी शिकणाऱ्या प्रत्येकी दोन मुलांना शिष्यवृत्ती द्या, निदान सात वर्षं. महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटं बसवून शाल देऊ नका. ध्वनिमुद्रण करा, पण कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता दोन्ही हातांवर ठेवा. वाद्य कसं बनतं, कातडं कुठलं, तार कशाची, ती कोण ओढतं, हे बनवणाऱ्याकडून लिहून घ्या. तारेसाठी फार लांब जायचं कारण नाही. तार ओढायची विद्या या मुलखाची जुनी आहे. बऱ्हाणपूरहून इटारसीमार्गे जबलपूरची गाडी मिळते आणि तिथून मंडला शंभर किलोमीटरसुद्धा नाही.